फेस का येत नव्हता

आमच्या ह्यांची गाडी रविवारी जायची होती. ठाण्याचा एक मनुष्य येऊन बघून गेला होता, कागदांवर सह्या झाल्या होत्या, आणि लेकीने पार्किंग सोडत असल्याचं पत्रही सोसायटीत देऊन टाकलं होतं. ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिने ती गाडी खाली आपली उभी. धूळ इतकी की कुणीतरी मागच्या काचेवर बोटाने फुलं काढून ठेवली होती. मला गाडी चालवता येत नाही आणि लेकीकडे तिची स्वतःची आहे, तेव्हा विकण्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. मला एवढंच हवं होतं, की जायच्या आधी एकदा तिला फेस लागावा. ह्यांना हवा असायचा तसा.

"गॅरेजला देते ना आई, अर्ध्या तासात चकाचक करून देतात," लेक म्हणाली.

"गॅरेजचा फेस नको मला."

"फेसात पण गॅरेजचा आणि घरचा असतो का गं?"

असतो. पण ते समजायला आधी ह्यांचं खूळ समजायला हवं.

कचेरीतून निवृत्त झाल्यावर कुणी देऊळ धरतं, कुणी हास्यक्लब धरतं. ह्यांनी प्रेशर वॉशर धरला. एका बाजूने नळाचं साधं पाणी आत जातं आणि दुसऱ्या बाजूने ते असं काही सुसाट बाहेर येतं की समोर पाय धरला तर सालटं निघावं, असं ते विजेवरचं यंत्र. त्याच्या गनला पुढे एक बाटली अडकवायची. बाटलीत गाडीचा शॅम्पू आणि पाणी. वर एक पितळी तोटी, तिच्यात बारीक जाळी. गनचा घोडा दाबला की पाणी, साबण आणि हवा त्या जाळीतून घुसळून निघतात आणि फेस होतो. फेस म्हणजे कपडे धुताना होतो तसा नव्हे. चक्क्यासारखा. गाडीवर बसला की बसला, जागचा हलणार नाही. हे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे. "चार मिनिटं धरला पाहिजे. त्याआधी ओघळला तर तो फेस नाही, ते साबणाचं पाणी," असं सांगायचे. कुणाला? मला. मला काय पडलेलं असणार त्याचं?

दर रविवारी सकाळी साडेसात वाजता अर्धी चड्डी घालून ते खाली उतरायचे, आणि आमच्या विंगेतल्या निम्म्या खिडक्यांत माणसं यायची. मुलुंडमध्ये रविवारी सकाळी दुसरं आहे काय बघायला? मी तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून ओरडायची, "अहो, गाडीची मुंज आहे का आज?" ते वर बघायचे नाहीत. नुसता हात हलवायचे, गप्प बस म्हणून. तळमजल्यावरचे भावोजी खुर्ची टाकून जवळ बसायचे. ते ह्यांचे तीस वर्षांचे दोस्त. दोघांची कचेरी वेगळी, गाव वेगळं, पार्किंग तेवढं एक. भावोजींना स्वतःची गाडी नाही, पण दुसऱ्याची कशी धुवावी ह्याचं ज्ञान भरपूर.

तर गेल्या वर्षी हा फेस उतरायला लागला.

आधी थोडा. चारऐवजी तीन मिनिटं, मग दोन. मग असं झालं की गाडीच्या टपावर मारला की तो दारापर्यंत येऊन खाली टपटपायचाच. हे बेचैन. पहिल्यांदा त्यांनी बाटलीवरचा साबण कमीजास्त करायचा खटका डावीकडे उजवीकडे फिरवून बघितला. मग पितळी तोटीतली जाळी काढून माझ्या चांगल्या वाटीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, क्षार बसले असतील म्हणून. त्या वाटीत मी दुसऱ्या दिवशी दही लावलं, ते लागलंच नाही, तो वेगळा विषय. मग बाटलीतली साबण ओढणारी नळी बदलली. मग यंत्राला पाणी आणणारा पाइप बदलला, कुठे मुरगळला असेल तर, म्हणून. प्रत्येक वेळी "आता बघ" म्हणून खाली जायचे आणि अर्ध्या तासाने वर येऊन नुसते हात धुवायचे.

मग त्यांना बोअरच्या पाण्याचा संशय आला. आमच्या पार्किंगमधला नळ बोअरचा आहे, आणि जड पाण्यात साबणाला फेस कमी येतो, हे खरंच आहे. म्हणून ते घरातल्या नळाचं, महापालिकेचं पाणी कॅनमध्ये भरून खाली न्यायला लागले. दोन कॅन. नेमकी त्या वेळी आमची लिफ्ट दुरुस्तीला बंद. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन हातांत दोन कॅन, तीन जिने खाली. प्रत्येक मजल्यावर कॅन ठेवल्याचा आवाज मला वर ऐकू यायचा. ठप. थोडा वेळ काही नाही. पुन्हा ठप. मी दारातून जिन्यात ओरडून विचारलं, "गाडीला आंघोळ घालताय की अभिषेक?" स्वतःच्याच विनोदावर हसलेही.

भावोजींचं निदान वेगळं होतं. त्यांनी ते सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल असं सांगितलं, कारण त्यांना हळू बोलताच येत नाही. "अरे, मशीनला कशाला शिव्या घालतोस? तुझा हात बघ, कापतोय. घोडा पुरता दाबला जात नाही तुझ्याकडून. वय झालं रे तुझं!"

त्या रविवारी हे लवकर वर आले. ओली चड्डी वाळत घातली, चिमटे नीट लावले, आणि माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाले, "मशीन ठीक आहे. माझाच हात गेला."

पुढच्या रविवारी ते खाली गेले नाहीत. साडेसात वाजता माझा नवरा खुर्चीत बसून पेपर वाचताना मला दिसला आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, चहा एकदा तरी गरम पिऊन होईल.

चार महिन्यांनी ते गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं आणि ते खरंच असणार. फेस येत नाही म्हणून कुणी मरत नाही, एवढं मला कळतं. पण माणूस जाताना स्वतःविषयी काय समजून गेला, ते मागे राहणाऱ्याच्या डोक्यात फिरत राहतं. "माझाच हात गेला" हे वाक्य मला भाकरी थापताना आठवायचं, केस विंचरताना आठवायचं. म्हणून मला ते मशीन एकदा लावून बघायचं होतं. दोष मशीनचा निघाला असता तर ह्यांच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं असतं, अहो, तुमचा हात शाबूत होता हो, तो डबाच भंगार होता.

शनिवारी सकाळी आम्ही मायलेकी खाली उतरलो. नातीने तिच्या रबरी चपला मला दिल्या होत्या, गुलाबी, वर कान असलेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, लुगड्याचा ओचा खोचलेला आणि पायांत सशाचे कान. वॉचमन बघून दुसरीकडे बघायला लागला, शहाणा आहे.

लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता की फेस पातळ येत असेल तर घाबरू नका. "मी घाबरले नाहीये," मी त्याला सांगितलं. लेकीने बाटलीत ह्यांच्या शॅम्पूच्या कॅनमधला निळा शॅम्पू ओतला, पाणी घातलं, बाटली गनला लावली आणि घोडा दाबला.

ताक आलं. तेही पाहुणे वाढल्यावर करतात ते. गाडीवर पडलं आणि काय पडलं ते कळायच्या आत जमिनीवर पोचलं.

"बघ! बाबांचा हात नव्हताच!" लेक ओरडली. "माझ्याकडून पण नाही येत." आता फक्त दोष सापडायचा राहिला होता.

व्हिडिओतला माणूस एकेक सांगत गेला आणि आम्ही एकेक बघत गेलो. खटका पुरता उघडा होता. तोटी उघडली तर आतली जाळी लखलखत होती. बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने एक सेफ्टी पिन बांधलेली होती, जाळीची भोकं मोकळी करायला. पिन माझी. मी ती घरभर शोधली होती. साबण ओढणारी नळी नवी, खाली नीट टेकलेली. पाणी आत जातं तिथली गाळणी नवी. जोडांवर पांढरी टेप अशी सफाईने गुंडाळलेली की थेंब गळत नव्हता. मी म्हटलं, पाणी बोअरचं आहे म्हणून असेल. लेक वर जाऊन घरातलं पाणी दोन कॅन भरून घेऊन आली, लिफ्टने. त्या पाण्यानेही ताकच.

"बाबांनी काही सोडलंच नव्हतं गं," ती हळूच म्हणाली. "सगळं करून झालं होतं त्यांचं."

मग तिने बाटली उन्हात धरली, आणि आम्हाला त्या रेघा दिसल्या.

बाटली पांढरट, आरपार दिसणारी. तिच्यावर ह्यांनी मार्करने रेघ मारलेली, शॅम्पू कुठपर्यंत घालायचा त्याची खूण. तळापासून एक बोट वर पहिली रेघ. ती खोडलेली. दीड बोटावर दुसरी, तीही खोडलेली. मग दोन बोटं, तीन बोटं. सगळ्यात वरची रेघ बाटलीच्या अर्ध्यात होती आणि ती थोडी वाकडी आली होती.

लेक त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने शॅम्पूचा कॅन उचलून हलवला, झाकण उघडून दोन बोटांत शॅम्पू घेऊन चोळला. "आई, हे बघ. पाणी आहे नुसतं. कोणत्या गाडीला अर्धी बाटली शॅम्पू लागतो? भेसळीचा माल गळ्यात मारला बाबांच्या!" कॅनवर नाक्यावरच्या दुकानाचा शिक्का होता, खाली नंबर. "थांब, लावते त्याला फोन. म्हातारा माणूस बघून फसवतो काय!"

आणि मी तिथे, त्या सशाच्या चपलांत, उभी.

इथे मला माझ्या एका हुशारीबद्दल सांगावं लागेल. तिचा मला लहानपणापासून फार गर्व होता.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो, वडील गिरणीत. घरात प्रत्येक गोष्ट बेताची आणि प्रत्येक बाटलीवर आईची नजर. मी दहा वर्षांची असताना आईचं सुवासिक तेल चोरून केसांना लावलं आणि कळू नये म्हणून बाटलीत तेवढंच पाणी भरून ठेवलं. एवढी अक्कल! संध्याकाळी आईने बाटली उचलली तर खाली पाणी, वर तेल, मध्ये सरळ रेघ. त्या दिवशी मार खाऊन मी काय शिकले? चोरी करू नये हे नाही शिकले. तेलात पाणी चालत नाही, हे शिकले.

लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हा सासूबाई दर मेमध्ये गावाहून कोकमाचं आगळ करून आणायच्या. रतांब्याचा दाट रस, मिठात मुरवलेला, वर्षभराची बेगमी. मला ते नुसतं चमच्याने खायची चटक लागली. येता जाता चमचा. आणि पातळी खाली दिसू नये म्हणून येता जाता पाणी. एकवीस वर्षांची होते, वेणी कमरेखाली, आणि आपल्यासारखी चतुर बाई अख्ख्या कॉलनीत नाही अशी खात्री. गणपतीच्या आधी सासूबाईंनी बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. मीठ पातळ झाल्यावर दुसरं काय होणार? सासूबाई बरणीपुढे मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "माझो मिठाचो अंदाज गेलो गो. आता तूच करीत जा." पुढच्या वर्षीपासून त्यांनी आगळ केलं नाही. मी पदराआड हसले होते. पकडले गेले नाही म्हणून हसले होते. त्या मुलीला आज समोर उभी केली तर मी तिची ती लांब वेणी धरून अशी हिसडेन ना.

पण हुशारी कुठे जाते? माझ्या घरात भांड्यांच्या साबणात पाणी, फिनाइलमध्ये पाणी, शॅम्पू संपत आला की बाटलीत पाणी. मुलुंडमधल्या शंभर घरांत हेच चालत असेल, ते जाऊ दे. गाडीच्या शॅम्पूचा शोध मला असाच लागला. एकदा बाथरूमची फरशी घासायला काही नव्हतं, म्हणून ह्यांच्या कॅनमधला वाटीभर घेतला. आणि काय सांगू, फरशी अशी निघाली की मी बिल्डिंगच्या बायकांना बोलावून दाखवली. मग पायपुसणी त्यात, गॅलरीतली ग्रिल त्यात, देवघरातलं पितळसुद्धा त्यात. दर वेळी वाटीभर शॅम्पू बाहेर, वाटीभर पाणी आत. ह्यांनी मोठा कॅन आणलेला, वर्ष दीड वर्ष पुरणारा. रंग निळाच राहायचा, त्यामुळे डोळ्यांना काही दिसायचं नाही. आणि माझा हिशेब अगदी चोख होता. नाहीतरी हे बाटलीत पाणीच घालणार, मग मी आधी घातलं तर बिघडलं कुठे?

लेकीने नंबर लावला होता. पलीकडे रिंग वाजत असलेली मला ऐकू येत होती.

"ठेव तो," मी म्हटलं.

"अगं पण—"

"ठेव म्हणते ना. दुकानदाराने नाही घातलं पाणी. मी घातलं."

तिने फोन ठेवला. आधी ती हसली. अशी हसली की गाडीला टेकावं लागलं तिला. "आई! तू ना खरंच! वाट लावलीस बाबांची! पायपुसण्यांसाठी?" मलाही हसू आलं. दोघी हसत होतो. मग तिची नजर हातातल्या बाटलीवर गेली, त्या रेघांवर. तिने अंगठ्याने सगळ्यात वरची, वाकडी रेघ पुसायचा प्रयत्न केला. ती पुसली गेली नाही.

"ते पाण्याचे कॅन घेऊन जिना उतरायचे तेव्हा तुला माहीत होतं?" तिने विचारलं.

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझीच मुलगी आहे.

"एकदा मनात आलं होतं," मी म्हटलं. "ते जाळी घासत बसले होते आणि मी आत बाथरूममध्ये फरशी घासत होते. तेव्हा आलं मनात."

"मग बोलली का नाहीस? बाबा ओरडले असते? बाबा कधी ओरडलेत तुझ्यावर?"

"नसते ओरडले. हसले असते. आणि कॅन वर माळ्यावर ठेवला असता." मी खाली बघितलं. "फरशी फार छान निघायची गं."

हे मी बोलले. लिहितानाही वाटतं की ह्याहून बरं, ह्याहून मोठं काही कारण असायला हवं होतं. नव्हतं. फरशी छान निघायची. मनात आलेली गोष्ट मी पाण्याबरोबर मोरीत घालवली, आणि तिकडे तो माणूस वाकून, चष्मा कपाळावर चढवून, जाळीचं एकेक भोक पिनेने मोकळं करत होता. जाळीत काही नव्हतंच.

लेकीने हातातली बाटली ओतून रिकामी केली. पिशवी घेतली, नाक्यावर गेली आणि नवी बाटली घेऊन आली, सीलबंद. मला हात लावू दिला नाही. दात ओठ खात सील तिनेच काढलं. पहिल्या रेघेपर्यंत शॅम्पू ओतला. एक बोट. पाणी बोअरचंच घेतलं. घोडा दाबला.

आला. धो धो आला. दाट, पांढरा, जड. टप झाकला, काचा झाकल्या, मागच्या काचेवरची ती फुलं झाकली गेली. दारांच्या मुठीसुद्धा दिसेनात. फेस गाडीवर बसला आणि हलला नाही. लेकीने गन खाली ठेवली आणि ओल्या हाताने डोळे पुसले, मग शॅम्पू डोळ्यांत गेला म्हणून नळाकडे पळाली. मी एकटी त्या पांढऱ्या ढिगासमोर उभी राहिले. म्हटलं तर मला हवं होतं तेच मिळालं होतं. ह्यांचा हात शाबूत होता, ह्याचा पुरावा समोर उभा होता, चार चाकांवर. फक्त दोष मशीनच्या डब्यात निघाला नव्हता.

"वा वा वा! आज काय जादू केलीत वहिनी?" भावोजी काठी टेकत आले. त्यांची खुर्ची आता वॉचमन वापरतो, त्यामुळे ते उभेच राहिले. "दुरुस्त करून आणलंत वाटतं मशीन?"

"मशीन चांगलंच होतं," मी म्हटलं.

"मग बघा, मी काय सांगत होतो! जोर लागतो मनगटात. पोरीचा हात तरणा आहे, आला लगेच फेस. तो आपला उगाच जाळ्या धूत बसायचा. म्हटलं होतं त्याला, वय झालं तुझं."

मी गप्प बसले असते तर हेच राहिलं असतं. उद्या गाडी गेली असती, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये ह्यांची शेवटची आठवण म्हणून कापणारा हात राहिला असता. लेक नळाजवळून माझ्याकडे बघत होती. ती मला वाचवायला गप्प बसली असती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"भावोजी, त्यांचा हात कापत नव्हता," मी म्हटलं. "शॅम्पूत पाणी होतं. मी चोरून शॅम्पू काढायची घरकामाला आणि पाणी भरून ठेवायची. वर्षभर. त्यांना कधी कळलं नाही."

भावोजींना आधी काही कळलं नाही. त्यांनी गाडीकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं. मग काठी दोन्ही हातांनी धरली.

"म्हणजे मी त्याला जे बोललो..."

"तुम्हाला तरी काय माहीत?"

"नाही, पण मी बोललो ना!" त्यांचा आवाज चढला. "रोज बोललो! वहिनी, तो इथे माझ्याशेजारी बसून स्वतःचा हात बघत बसायचा. मूठ उघड, मूठ मिट. मला म्हणाला, आता गाडी चालवायची नाही, हाताचा भरवसा नाही, कुणाला ठोकलं म्हणजे? आणि मी म्हटलं, बरोबर आहे तुझं! माझ्या सांगण्यावरून सोडली त्याने गाडी!"

मला हे माहीत नव्हतं. मला त्यांनी सांगितलं होतं की ट्रॅफिक फार वाढलाय, कंटाळा येतो. दिवाळीला लेकीकडे रिक्षाने गेलो होतो आणि रिक्षात बसून मी वाटभर कुरकुर केली होती, की दारात गाडी असताना हे काय?

"तुम्हाला काही वाटलं नाही?" भावोजी आता ओरडत होते. "माणूस कॅन घेऊन तीन जिने उतरतो, आणि तुम्ही वरून थट्टा करता? मी ऐकलंय, सगळ्यांनी ऐकलंय! मुंज काय, अभिषेक काय! एक शब्द बोलला असतात तर? एक शब्द! वाटीभर साबणासाठी, वहिनी? माझ्याकडे मागायचा होतात, मी आणून दिला असता साबण!"

वरच्या खिडक्या उघडायला लागल्या. पहिल्या मजल्यावरची बाई हातात कणीक घेऊनच बाहेर आली. कित्येक महिन्यांत मला कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, पाठीवरून हात फिरवायचे, जेवलात का विचारायचे. भावोजींच्या तोंडातून थुंकी उडत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांना कळत नसावं.

लेक धावत आली. "काका, बास झालं आता! आई तुम्हाला स्वतःहून सांगतेय, आणि तुम्ही चार लोकांत तिला—"

मी तिचं मनगट धरलं. "थांब गं. बोलू दे त्यांना."

भावोजी दम लागून थांबले होते. काठीवर वाकले होते.

"पुढे?" मी म्हटलं.

आणि ते पुढे बोलायला लागले.